दोनदाच टोचायचं

माझे धाकटे दीर पाहुण्यांना सांगतात, "वहिनींशी बोलताना हात खिशात ठेवा." त्यांचं खोटं नाही. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी समोर नवा माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या मनगटावर जाते, मग कोपराच्या खोबणीत, आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी. पुतणीच्या साखरपुड्यात मुलाकडचे एक काका पंगतीत वाढायला आले. त्यांच्या हातावरच्या जाडजूड, सरळसोट शिरा बघून माझ्या तोंडून "अहाहा" निघून गेलं. ते बिचारे बासुंदीचं कौतुक समजले आणि आणखी एक वाटी ओतून गेले.

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी सगळी नोकरी केली. ड्रेसिंगं केली, इंजेक्शनं दिली, रडणाऱ्यांना गप्प केलं, गप्प बसलेल्यांना बोलतं केलं. पण दवाखान्यात माझं नाव होतं ते सलाइनसाठी. कुणाची शीर मिळेना झाली की वरच्या मजल्यावरून फोन यायचा, "चौगुले सिस्टरना पाठवा." मी जायचे आणि चहा निवायच्या आत परत यायचे. मिरवायची सवय मला तिथंच लागली.

लोकांना वाटतं, सुई खुपसली की सलाइन लागलं. खरं काम सुईच्या आधीचं असतं. हात धुवायचे, मोजे चढवायचे. जिथं टोचायचं त्याच्या चार बोटं वर रबरी पट्टा आवळायचा. त्यानं रक्ताची परतीची वाट अडते आणि शिरा फुगतात. मग डोळ्यांवर फार विश्वास न ठेवता बोटाच्या टोकानं चाचपायचं. चांगली शीर दाबली की पिकलेल्या द्राक्षासारखी उसळी घेते. सुतळीसारखी टणक लागली तर ती वापरून संपलेली. ठोके लागले तर ती धमनी, तिच्या वाटेला जायचंच नाही. जागा स्पिरिटनं पुसायची आणि वाळू द्यायची. ओल्यावर टोचलं तर झोंबतं, आणि पुसण्याचा उपयोगही होत नाही.

मग डाव्या अंगठ्यानं कातडी खाली ताणून धरायची, म्हणजे शीर निसटत नाही. सुईचं तिरकं तोंड वर, आणि सुई जवळजवळ आडवी. शिरेत शिरली की मागच्या पारदर्शक डबीत रक्त उमटतं. नवशिकी मुलगी तिथंच खूश होते आणि तिथंच फसते, कारण तेव्हा फक्त सुईचं टोक आत गेलेलं असतं. आणखी केसभर पुढं जायचं, सुई जागच्या जागी धरायची, आणि तिच्यावर चढवलेली प्लास्टिकची मऊ नळी हळूच शिरेत सरकवायची. हीच ती कॅन्युला. पट्टा सोडायचा, शीर वरून दाबून धरायची, सुई काढून थेट सुयांच्या डब्यात टाकायची. आत राहते ती फक्त नळी. तिच्यातून थोडं सलाइन ढकलून बघायचं. फुगलं नाही, दुखलं नाही, तर चिकटपट्टी लावून वर तारीख लिहायची.

आणि एक नियम. एका सिस्टरनं दोनदाच टोचायचं. दोन्ही वेळा चुकलं तर बाजूला व्हायचं आणि दुसरीला बोलवायचं. नव्या मुलींना मी हा नियम दटावून सांगायचे. स्वतःवर तो पाळायची वेळ येईल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

अक्काताई आमच्या वॉर्डात आल्या त्या श्रावणाच्या तोंडावर. शिरोळकडच्या एका खेड्यातल्या, वय पंचावन्नच्या पुढं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचा पुसट पट्टा. घरी चार म्हशी. त्यातल्या एकीनं गोठ्यात त्यांच्या उजव्या पायावर पाय दिला. अंगात साखर होती, ती कधी तपासलेली नव्हती. जखम हळद लावून झाकून ठेवली, पू हाडापर्यंत गेला. आमच्या सर्जन सरांनी पायाची करंगळी काढली आणि सांगितलं, तीन आठवडे शिरेतून औषध द्यायला लागेल. साखर आणि जखम दोन्ही ताब्यात आली तर पाय राहील, नाहीतर घोट्याच्या वरून काढावा लागेल. त्यांचे मालक, शिवगोंडा अण्णा, हे सगळं टोपी हातात धरून ऐकत उभे होते.

ऑपरेशनच्या वेळची लाइन, म्हणजे शिरेतली ती नळी, दोन दिवसांत सुजली आणि मला बोलावणं आलं. सहा खाटांची खोली, प्रत्येक खाटेपाशी नातेवाईक, वर नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी माझी करामत बघायला जमलेल्या. मी पट्टा आवळला. अक्काताईंचे हात कामाचे, कातडी जाड, उन्हानं रापलेली, आणि शिरा कुठंतरी खोल. पहिली सुई चुकली. मी हसून म्हटलं, "अक्काताई, तुमच्या शिरा लाजाळू आहेत." दुसरी चुकली. तेव्हा मी बाजूला व्हायला हवं होतं. पण त्या चार मुली बघत होत्या. मी दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. तिसरीही चुकली. अण्णांनी मान दुसरीकडं वळवली. मी चौथी सुई घेतली, तीही शिरेच्या आरपार गेली आणि कातडीखाली निळं टेंगूळ आलं.

इतका वेळ अक्काताईंनी "यव्वा" सुद्धा म्हटलं नव्हतं. मी पाचवं पाकीट फाडायला घेतलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "तू माझ्यासाठनं टोचतीयास का तुझ्यासाठनं?"

मी पाकीट ट्रेमध्ये ठेवलं आणि एका मुलीला म्हटलं, "शबानाला बोलव."

शबाना आमच्याकडं लागून सहाच महिने झाले होते. कामाला हळू म्हणून मीच तिला दोन-तीनदा सगळ्यांसमोर बोलले होते. ती आली, दोन्ही हात बघितले, आणि मला काहीच न विचारता बाहेर गेली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन आली, तो अक्काताईंच्या हाताभोवती गुंडाळला, हात खाटेखाली लोंबता सोडला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. मी आयुष्यभर हे काम उभ्यानं केलं होतं.

"म्हशी किती हायत, मावशी?" तिनं विचारलं.

"चार. एक गाबण हाय."

"नावं काय?"

अक्काताई नावं सांगत राहिल्या. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग शबानानं टॉवेल काढला, हाताच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, आणि सगळ्यात बारक्यांपैकी एक, निळ्या टोपणाची कॅन्युला पहिल्या खेपेत घातली. अक्काताई तिला म्हणाल्या, "शिकलीयास की गं!" आणि माझ्याकडं बघून, "वाईट वाटून घिऊ नगंस. आमच्या म्हशीला बी नवा डाक्टर आला की अशीच गत हुती."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग उद्या जाऊन माफी माग, आणि आत्ता भाकरी खा."

सकाळी मी गेले. अक्काताई डाव्या हातानं उप्पीट खात होत्या, निम्मं अंगावर सांडत. उजवा हात उशीवर लाकडासारखा ताठ ठेवलेला.

"असा का धरलाय हात?" मी विचारलं.

"आत सुई हाय न्हवं. हालवला तर मोडल की."

ऑपरेशनपासून तीन दिवस त्या बाई हात न हलवता पडून होत्या. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं की आत सुई नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मीही कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत असणार असं मी धरून चालले होते. मी एक नवी कॅन्युला आणली, त्यांच्यासमोर सुई बाजूला काढली आणि नुसती नळी त्यांच्या बोटावर ठेवली. त्यांनी ती वाकवून बघितली, गालाला लावून बघितली.

"आगाई! ही तर शेवईगत हाय," त्या म्हणाल्या, आणि उजव्या हातानं चमचा उचलला.

मी माफी मागितली. त्यांनी ती उप्पिटाबरोबर गिळून टाकली, ना कौतुक ना राग. पण त्या दिवसापासून अक्काताईंची लाइन मी आणि शबाना, दोघींनीच बघायची असं मी इन्चार्ज सिस्टरांकडून ठरवून घेतलं. तीन आठवड्यांत पुष्कळ नळ्या बदलायला लागणार होत्या. मनगटाकडून सुरुवात करून वर सरकायचं, एकदा उजवा हात, एकदा डावा, असं आम्ही कागदावर मांडून ठेवलं. अक्काताई त्यात लक्ष घालायच्या. एकदा त्यांनीच डाव्या हाताच्या अंगठ्याच्या रेषेत, कोपराच्या जरा खाली बोट ठेवलं.

"हितं एक हाय बघ. धार काढताना टच्च फुगती. मी लई वरसं बघतोय."

आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी बघतो’ असंच बोलतात. मी चाचपलं. वरून काही दिसत नव्हतं, पण खोलात खरंच एक सरळ, भरलेली शीर होती. ती आम्ही राखून ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात सगळं जागेवर आलं. जखम लाल, स्वच्छ दिसायला लागली. सर ड्रेसिंग उघडून "छान" म्हणून गेले, आणि ते सहसा काहीच म्हणत नसत. अक्काताई खोलीतल्या सगळ्यांच्या चौकशा करायच्या, शबानाच्या लग्नासाठी स्थळं सुचवायच्या आणि तिच्या जातीचं कुणी आपल्या ओळखीत नाही म्हणून हळहळायच्या.

मग तो सोमवार आला. सकाळी साडेसातला मी इन्सुलिन दिलं. समोर उप्पिटाची ताटली होती. "खाऊन घ्या हं," म्हटलं. "व्हय व्हय," त्या म्हणाल्या. मी पुढच्या खाटेकडं गेले. नऊच्या सुमारास बघितलं तर लाइनभोवती सूज आली होती. मी नळी काढली. पुढचं औषध दुपारी दोनला होतं. शबाना सुट्टीवर होती, दोन नवे पेशंट आले होते, आणि मी मनात म्हटलं, बाराच्या पुढं निवांत नवी लावू. साखरेच्या पेशंटला, इन्सुलिन चालू असताना, मी लाइनशिवाय ठेवलं.

साडेअकराला शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली, "सिस्टर, ह्या बोलंनात!"

मी धावले. अक्काताई घामानं निथळत होत्या, अंग गार, डोळे अर्धे उघडे. हाक मारली, तर घशातून नुसता घरघर आवाज. बोटाला टोचून साखर बघितली. ती पार खाली उतरली होती. अशा वेळी तोंडात साखर घालता येत नाही, गिळायची शुद्ध नसते, श्वासनलिकेत गेलं तर तिथंच घात. ग्लुकोज शिरेतूनच जायला हवं. आणि शिरेतली नळी मी सकाळीच काढून टाकली होती.

सर ऑपरेशनमध्ये होते. मी एका विद्यार्थिनीला वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना बोलवायला पिटाळलं, दुसरीला ग्लुकोज भरायला सांगितलं, आणि घाईत उजव्या हाताच्या मागं दिसली ती शीर धरली. फुटली. डबीत रक्त आलं आणि लगेच कातडी फुगली. शेजारची बाई मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली.

मी स्टूल ओढलं आणि बसले. खरं सांगते, बसल्यामुळंच घाई थांबली. डावा हात माझ्या मांडीवर घेतला, पट्टा आवळला, आणि अंगठ्याच्या रेषेत वर वर चाचपत गेले. घामानं बोट घसरत होतं. पुसलं, पुन्हा चाचपलं. होती. मी कातडी ताणली, सुई आडवी केली आणि आत घातली. डबीत रक्त उमटलं. आणखी केसभर पुढं. नळी सरकवली. आडकाठी न करता गेली.

ग्लुकोज पाकासारखं दाट असतं, घाईनं ढकललं तर शीर जळते. मी हळूहळू ढकलत होते आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पहिली सिरिंज संपली, काही नाही. दुसरी अर्धी झाली तेव्हा पापण्या हालल्या. मग त्यांनी डोळे उघडले, छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि जड जिभेनं विचारलं,

"म्हशीस्नी पाणी दावलं का?"

मी एकदम रडायलाच लागले. चार विद्यार्थिनींसमोर, वरच्या मजल्यावरनं धापा टाकत आलेल्या सिस्टरांसमोर.

उप्पीट त्यांनी शेजारणीच्या नातवाला दिलं होतं. श्रावणी सोमवार धरला होता. पहिला सोमवार ऑपरेशनमुळं चुकला, म्हणून दुसरा कडक. पाय वाचू दे म्हणून महादेवाला बोलल्या होत्या. आम्ही करू देणार नाही हे माहीत होतं, त्यामुळं गुपचूप.

दुपारी सर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ताटली बघितली पण खाल्लं का ते बघितलं नाही, आणि लाइन काढून नवी लावली नाही, हे दोन्ही. केसपेपरवरही तसंच लिहिलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "एवढं कशाला लिहिता? बाई शुद्धीवर आहेत ना?" पण मला ते पोटात ठेवून घरी जाता आलं नसतं. सर कडक बोलले. बोलायलाच हवं होतं.

शिवगोंडा अण्णा औषधं आणायला खाली गेले होते, ते परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनाही मी जिन्याजवळ गाठून सांगितलं. म्हटलं, "अण्णा, उपास त्यांनी लपवला खरा, पण बघायचं काम माझं होतं. चूक माझी आहे."

अण्णा मुळात बोलणारे नव्हते. हातातली टोपी फिरवली. मग म्हणाले, "आमाला कळलं बी नसतं, बाई. तुमी सांगितलासा." आणि जिना चढून वर गेले. ते रागावलेत की नाही ते काही कळलं नाही.

संध्याकाळी निघताना अक्काताईंनी हाक मारली. समोर दूध-भाकरीचा वाडगा होता, आणि अण्णा शेजारी बसून घास मोजल्यासारखे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"ह्यो बघ," त्या करवादल्या, "पोलिसागत बसवलाय. तूच सांगितलंस न्हवं?"

"मीच सांगितलं."

"उरलेलं सोमवार?"

"महादेवाला मी सांगते," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी करा."

"बरं. पर तुझं नाव सांगून सांग. माझ्यावर येऊ देऊ नगंस."

तिसरा आठवडा सुरळीत गेला. ती डाव्या हाताची शीर चार दिवस टिकली. शेवटची नळी शबानानं काढली, मी कापूस दाबून धरला. पाय राहिला. जाताना अक्काताई चाकाच्या खुर्चीत होत्या, पायाला मोठं बँडेज होतं, आणि आम्हा दोघींना घरी यायचं वचन द्यायला लावून मगच त्यांनी खुर्ची हलू दिली.

अशी वचनं पेशंट फार घेतात आणि आम्ही फार देतो. पाळली जात नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात पौर्णिमेला यजमानांबरोबर वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. परत येताना त्यांच्या गावचा फाटा दिसला. म्हटलं, गाडी वळवा.

दुपार कलली होती. घर विचारावं लागलं नाही, रस्त्यावरच्या पोरीनं "म्हशीवाली आक्की व्हय?" म्हणून थेट गोठ्यात नेऊन सोडलं. अक्काताई म्हशीखाली बसल्या होत्या, दोन गुडघ्यांत चरवी. माझ्याकडं बघितलं, पण हात थांबला नाही.

"आलीस? बस जरा. पान्हा मोडंल."

आम्ही बसलो. दूध चरवीत पडत होतं, फेस वर येत होता. यजमान बाजेवर अण्णांशी उसाबद्दल बोलायला लागले. मग अक्काताई म्हणाल्या, "ये, तू बघ काढून." नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला खाली बसवलं. मी दाबलं, ओढलं, दोन्ही एकदम केलं. एक थेंब आला नाही. म्हशीनं वळून माझ्याकडं बघितलं.

"वडू नगंस," अक्काताई वरून म्हणाल्या. "अंगठ्यापास्नं दाब. एक एक बोट. तिला कळाय पायजे, तू घाबरली न्हाईस."

बऱ्याच वेळानं एक बारीक धार निघाली, चरवीत न जाता माझ्या साडीवर. अण्णा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

अक्काताईंनी मला उठवलं, उरलेलं दूध स्वतः काढलं, आणि भरलेली चरवी उचलून, कशाचाही आधार न घेता, उभ्या राहिल्या. उजवा पाय टेकताना जरासा बाहेर पडत होता, इतकंच. चार बोटांचा पाय, घट्ट रबरी बुटात. आमच्या धंद्यात माणसं आम्हाला आडवीच भेटतात. बरी झाली की खुर्चीवर बसून दरवाजातून जातात, आणि पुढं काय झालं ते कळत नाही. अक्काताई चरवी घेऊन गोठ्याच्या दाराकडं चालत निघाल्या होत्या, आणि मागं न बघता म्हणत होत्या, "चला, च्या टाकतो. साखर मला नगं, तुमास्नी घालतो."